एका हाताची रेघ

प्रकाशकाला हत्तीची सोंड टोकाला बारीक हवी होती. एवढ्याशा कामासाठी सुनेत्रा रविवारी सकाळी ऑफिसात आली, टॅब्लेट जोडला आणि ब्रशचं सेटिंग उघडलं. आकडा पाहून ती थबकलीच.

स्मूदिंग नव्वदवर होतं.

म्हणजे पेन कसंही वेडंवाकडं फिरो, पडद्यावर रेघ गुळगुळीतच उमटणार. शिकाऊ मुलंसुद्धा इतकं ठेवत नाहीत. ठेवतो तो, ज्याचा हात स्थिर राहत नाही.

हा ब्रश उल्हासचा. खऱ्या शाईचे फटकारे कागदावर मारायचे, स्कॅन करायचे आणि त्यातून ब्रश घडवायचा, यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. सेटिंगच्या भानगडीत सुनेत्रा कधी पडलीच नाही. मध्यंतरी तिच्या टॅब्लेटवर रेघ उड्या मारायला लागली होती, तेही त्यानेच एका दुपारी निस्तरलं. सिंगापूरमधल्या सेरंगूनच्या या छोट्या ऑफिसात माणसं दोनच. प्राणी ती काढायची, चेहरे तो. पण पुस्तक एकाच हाताचं वाटलं पाहिजे, हा सुनेत्राचा नियम. त्यामुळे ब्रशही दोघांचे तेच.

आणि या उल्हासला तिने दोन आठवड्यांपूर्वी कामावरून काढलं होतं.

"रेघेत जीवच राहिला नाही तुझ्या," ती म्हणाली होती. "हत्ती-अस्वलांना चालून जातं रे, पण चेहरे प्लॅस्टिकचे दिसतात. २०१५ची पुस्तकं आहेत ही, शाळांत जाणार. मी अशी देऊ?"

तो खाली मान घालून उभा होता. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, तिच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं, आणि मग फक्त "ठीक आहे, ताई" म्हणाला. सुनेत्राला वाटलं, चूक कळली असेल. नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवानाही गेला. बायको-मुलीसह त्याला आता पुण्याला परतावं लागणार होतं.

आता तो नव्वदचा आकडा तिला बघवेना. बिचाऱ्याचा हात थरथरत होता, आणि पोटासाठी तो ते लपवत होता. सहा वर्षं शेजारी बसून आपल्याला दिसू नये? एका शब्दाने विचारलं नाही, वर प्लॅस्टिक म्हणालो! तिला स्वतःची लाज वाटली. सोंड तशीच टाकून तिने हौगांगला जाणारी टॅक्सी पकडली.

दार उल्हासच्या बायकोने, विद्याने उघडलं. तिने "या" म्हटलं, पण नेहमीचं हसू नव्हतं. हॉलमध्ये खोक्यांची रास लागली होती.

"पपा, ऑफिसवाली आंटी केम ऑलरेडी लाह!" आठ वर्षांच्या इराने आत वर्दी दिली.

उल्हास हातात चिकटपट्टी घेऊन बाहेर आला. तिला पाहून गडबडला. "ताई, तुम्ही? फोन करायचा, मी आलो असतो."

"बस आधी. माझं चुकलं, उल्हास." सुनेत्रा म्हणाली. "मी आज सेटिंग पाहिलं. नव्वद."

उल्हासने चटकन विद्याकडे पाहिलं. विद्या इराला घेऊन आत गेली.

"म्हणजे कळलं तुम्हाला," तो हळूच म्हणाला.

"आत्ता कळलं, तेच तर दुःख आहे. परत ये. पासचा अर्ज उद्याच करते. चेहरे मी काढीन, तू नुसते ब्रश कर, रंग भर. आणि डॉक्टरांना दाखवू. आजकाल औषधं असतात यावर. लाजायचं काय त्यात?"

उल्हास तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने इराचा स्केचपेन उचलला, एका रिकाम्या खोक्यावर टेकवला आणि एका दमात मांजर काढलं. कान, पाठीचा बाक, शेपटीचं टोक. रेघ कुठे अडली नाही की हलली नाही.

सुनेत्राला काही कळेना. "मग नव्वद कशाला ठेवलंस? तुझे चेहरे त्यानेच मेले ना?"

"एकाच हाताचं दिसायला हवं होतं ना, ताई. तुमचा ब्रश तो माझा ब्रश."

"पण मुळात ठेवलंसच का?"

उल्हासने स्केचपेनचं टोपण लावलं. मग खुर्ची पुढे ओढून त्याने सुनेत्राचा मांडीवरचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"बघा, ताई," तो म्हणाला, "धरला की थांबतो."