तिघांचं जाणं-येणं

कॉटवर नातीसाठी चार फ्रॉक होते, सगळे तीन वर्षांच्या मापाचे. शेजारी एक दुपटं आणि बेदाण्याच्या दोन पिशव्या. गुणमालाबाई पाचव्या फ्रॉकची घडी घालत होत्या, तेवढ्यात ब्राह्मीच्या फोनवर तिच्या भावाचा, जिनेंद्रचा, जर्मनीहून निरोप आला.

परवा तिनंच त्याला कळवलं होतं : तुम्हा तिघांच्या विमानानं जाण्या-येण्याचा कार्बन सहा टन तीनशे किलो भरतो. पुण्याच्या कंपनीत तिचं कामच ते. आता त्यानं लिहिलं होतं, "पटलं. यंदा येत नाही. आईला तूच नीट सांग."

तिनं सांगितलं.

"सहा टन?" गुणमालाबाईंचे हात थांबले. "आमचा जिनू ऐंशी किलोचा. सूनबाई तर नुसती काडी. काय बोलतीस?"

"त्यांचं वजन नाही गं. विमानाचा धूर."

"आन् आपण आपला धूर कमी केला, तर यील न्हवं त्यो?"



बाहेर ब्राह्मीचे वडील, धन्यकुमार, रानात निघाले होते. चार एकरांतला ऊस कालच कारखान्याला गेला होता. आज मागं उरलेला वाळका पाला, पाचट, पेटवायचं होतं.

"आवं, काडीपेटी ठेवा हितं. पाचट जाळायचं न्हाई."

"दरसाल किडामुंगीसाठी आडवी येतीस. आज काय नवीन?"

"आज जिनूसाठी."

धन्यकुमार उंबऱ्यात थबकले. मग खिशातली काडीपेटी काढून त्यांनी खिडकीत ठेवली.

"मोज," गुणमालाबाई लेकीला म्हणाल्या.

ब्राह्मीनं रानात एक गुंठा आखला. त्यातलं पाचट गोळा केलं, मोळ्या बांधल्या, एकेक करून काट्याला टांगल्या. सत्तर किलो. म्हणजे चार एकरांत अकरा टन दोनशे. जळणारा सगळाच कार्बन यात धरत नाहीत, पुढचा ऊस बराचसा परत ओढून घेतो. उरतो तेवढा तिनं मांडला. पुन्हा एकदा मांडला.

आई बांधावर उभी होती.

"किती गं?"

"एक टन पन्नास किलो."

"म्हंजे किती जणांचं झालं?"

"एकाचं, आई. तेही फक्त येण्याचं."