आठ आणि बाराचा जोड

टेकडीवरच्या वस्तीचं पाणी एका व्हॉल्व्हपाशी रुसून बसलं होतं. जुन्या पाइपच्या फ्लँजला, म्हणजे टोकाच्या बोल्ट लावायच्या चकतीला, आठ भोकं, नव्या व्हॉल्व्हच्या फ्लँजला बारा. तोंडाचं माप एकच, पण बोल्ट बसत होते फक्त चार, आणि तेवढ्यावर पाण्याचा जोर पेलला नसता. शेवटी फिटरनं एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला बारा भोकं असलेला जोडतुकडा कारखान्यात बनवायला टाकला.

त्याच वस्तीत त्याची धाकटी बहीण राहायची. दिवस भरत आलेले, तरी एका हातानं पोट सावरत, दुसऱ्या हातानं बादली ओढत ती चढ चढायची.

"माझा दादा पाणी सोडतो म्हणून गल्लीभर मिरवले रे मी," ती धापा टाकत हसली. "आता सगळ्या जणी मलाच विचारतात, कुठाय तुझा दादा?"

"आज तुकडा येतोय, बाळे. संध्याकाळी बादली नळाखाली लाव आणि निवांत बसून राहा."

तुकडा आला. फिटरनं घाईघाईनं खोकं फोडलं आणि भोकं मोजली. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा भोकं होती. त्यानं कारखान्याला फोन लावला.

पलीकडून मालक मोठ्या मायेनं म्हणाले,


"अहो, आभार कसले मानताय! तुमच्या ड्रॉइंगमध्ये दोन बाजूंची भोकं चुकून वेगवेगळी पडली होती, ती आम्हीच सारखी करून घेतली."