पोटातली करकर

कोजे बेटावर आम्ही बायका कालवं सोलतो. समुद्रात कालवांच्या माळा थर्माकोलच्या तरंगत्या ठोकळ्यांना टांगलेल्या असतात. ते ठोकळे लाटांनी झिजतात आणि त्यांचा पांढरा भुगा कालवांच्या पोटातही सापडतो. आम्ही तो पुसून कालवं खातो.

माझ्या शेजारी बसणारी मालसुनताई हसली, की तिच्या छातीतून थर्माकोल घासल्यासारखी करकर यायची.

"ताई, डॉक्टरला दाखव गं."

"दाखवलं. छातीचा फोटो स्वच्छ आहे. तूच कान तपासून घे!" म्हणत ती हसली, आणि पुन्हा तीच करकर आली.

शनिवारी तिची लेक हेरिम आईचा डबा घेऊन आली. तिला सातवा महिना होता.

"मावशी, बाळ लाथा मारतंय, बघा ना!"

मी कौतुकाने तिच्या पोटाला कान लावला. आधी बारीक, भरभर ठोके ऐकू आले. मग प्रत्येक ठोक्यामागून हलकीशी करकर येऊ लागली.

"काय म्हणतंय?" हेरिमने हसत विचारलं.

मी मान वर केली. लेकीच्या मागे मालसुनताई उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. तिने ती करकर आधीच ऐकली होती.