ओलीची माशी

लातूरजवळ मांजरा नदीचं पात्र भेगाळून गेलं होतं. त्यातल्या हातभर ओल्या चिखलावर नांदेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या तारामती मॅडमना काल एक लांब पायांची माशी दिसली, काड्यांवर उभा केलेला हिरवा मणीच जणू. पण ती निघाली मादी. जात ओळखायची तर नर हवा. त्याच्या पायांवरून नाव ठरतं. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, आणि या माशीची नोंद तिथं अजून कुणीच केली नव्हती. "चिखल तुडवू नका हं," मॅडम पाणी शोधत आलेल्या बायांना सांगून गेल्या, "ही माशी ओल सोडून कुठं जात नाही."

सकाळी येऊन बघतात तर बायांनी नेमका तिथंच झिरा खांदलेला! तळाशी पाणी पाझरत होतं, काठाला घागरींची रांग. मॅडम वाकून उरलेला चिखल न्याहाळू लागल्या. तेवढ्यात ओल्या कडेवर एक माशी उतरली. पायांना काळे झुपके. नर!

श्वास रोखून त्यांनी जाळी उचलली. घागर घेऊन आलेल्या सरजाबाईनं त्यांचं मनगटच धरलं.

"हात लावू नका, मॅडम. माशी गेली की पानी जाईल."

"अहो मावशी, उलटं आहे ते. पाणी आहे म्हणून माशी आहे."

"माशी बघून खांदलं अन् पानी लागलं. तुमीच म्हनलात न्हवं?"

मॅडमनी झिऱ्यातल्या वाटीभर पाण्याकडं पाहिलं. उद्या हे आटलं तर खापर या जाळीवरच! त्यांनी जाळी खाली ठेवली.

सरजाबाईनं मनगट सोडलं, आवाज हळू केला.

"आता तेवढं सांगा मॅडम, ही खाती काय?"