दार जरा बंद ठेवा

नायकाने शेवटचा अतिरेकी जिन्यात लोळवला आणि थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला. टेलर मात्र पाचव्या रांगेतून उठला आणि अंधारात भिंत चाचपत बाजूच्या दाराशी गेला. दारावरच्या बाईने कडीवर हात ठेवलाच होता.

“ताई, आज दार जरा बंद ठेवा.”

बाईने टॉर्च मारला. गळ्यात मापाची टेप तशीच, म्हणजे स्वारी दुकानातून उठून थेट आलेली. सहा दिवस ती त्याला बघत होती. रोज दुपारचा खेळ, रोज कडेची तीच खुर्ची. पिक्चरचं वेड लागलेल्यांत तिने त्याला केव्हाच जमा करून टाकलं होतं.

“काका, नावं लागली की दार उघडायचं, असंच आहे आमचं. सफाईला बारा मिनिटं मिळतात.”

“नटांची नावं संपली की खऱ्या हल्ल्याचं चित्रण दाखवतात ना, कॅमेऱ्यातलं? त्यात माझी मुलगी आहे.”

बाईचा कडीवरचा हात सैल पडला.

“तुम्ही दार उघडता आणि बाहेरचं ऊन पडद्यावर पडतं. त्यात लोक उभे राहतात. सहा दिवस मला नुसता तिचा कोट दिसतोय. मीच शिवलेला आहे, तिरक्या खिशांचा. पुढे ती कुठे जाते ते काही केल्या दिसत नाही.”

“पोलिसांकडे मागायचं की.”

“वर्षभर हेलपाटे घातले. गोपनीय आहे म्हणतात. इथे तिकीट काढलं की दाखवतात.”

पडद्यावर नावं सरकू लागली. संथ गाणं सुरू झालं. खुर्च्या खडाखड मिटल्या आणि माणसं दाराकडे निघाली. टेलर घाईघाईने बोलू लागला. गिऱ्हाईकाशी कधी चढ्या आवाजात न बोललेला तो माणूस आता जवळजवळ हात जोडत होता.

“हल्ला झाला तेव्हा मी तिला फोन केला होता. टीव्हीवर पुढच्या दारात गोळीबार दाखवत होते. म्हटलं, पुढे येऊ नकोस, मागच्या दाराने निघ. तो गोळीबार आधीचा होता, ताई. तेच तेच लावत होते पुन्हा पुन्हा. मला घरी बसून काय कळणार? तोवर ते अतिरेकी मागच्या दाराकडे गेले होते. ती आधीच मागे अडकलेली असेल, तर माझ्या फोनने काही बिघडलं नाही. एवढंच बघायचंय मला. उद्या पिक्चर उतरतोय.”

माणसं दाराशी येऊन थडकली. 

“शेवटची वीस मिनिटं म्हणजे कमाल. मी तर पाणीसुद्धा प्यायलो नाही.”

“हिरोचे केस बघितलेस? खांद्यात गोळी लागली, पण भांग जागच्या जागी.”

“पाचपैकी चार देईन मी. मधे रडारड जरा जास्त झाली.”

“अहो बाई, दार उघडा की.”

बाईने कडीला पाठ लावली. बावीस वर्षांच्या नोकरीत ती प्रेक्षकांशी कधी खोटं बोलली नव्हती.

“कडी अडकलीय. माणूस बोलावलाय. तोवर सगळ्यांनी खाली बसून घ्या,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “वाटेत कोणी उभं राहू नका.”

कुरकुर झाली. “तिकिटाला एवढे पैसे घेतात आणि साधी कडी नीट नाही,” असंही झालं. पण माणसं बसली. सहा दिवसांत पहिल्यांदाच अख्खा पडदा मोकळा दिसला.

चित्रण राखाडी होतं, मुकं. मोठी काचेची दारं, पुढचीच. कोट आला. ती धावत आली आणि तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. काचेपलीकडे रस्ता होता. रस्त्यावर एक पोलीस जोरजोरात हात हलवून तिला बाहेर बोलावत होता. दोन पावलं, फार तर तीन.

मग ती थबकली. तिने तिरक्या खिशात हात घातला. फोन पडू नये म्हणून टेलरने तो खिसा चार बोटं जास्त खोल ठेवला होता. तिने फोन कानाला लावला, ऐकलं आणि मान डोलावली. बोलणारा समोर नसतानाही डोलावतात तशीच. मुठीवरचा हात काढला. वळली आणि आतल्या बाजूला पळाली.

नावं पुढे सरकत राहिली. टेलरने भिंतीला हात टेकला. बाईला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “अगं, दारात पोचली होती की ती! मागे कशाला वळली? वेडीच म्हणायची.”

दारावरच्या बाईने झटकन कडी ओढली, निदान पुढचं तरी त्याच्या कानावर पडू नये म्हणून. ऊन आत आलं. माणसं उठली, घड्याळं बघत बाहेर पडू लागली. ती बोलणारी बाई दाराशी आली तेव्हा टेलर तिच्या वाटेतून बाजूला झाला. दुकानात कपडे हातात देताना बोलावं तितक्या हळू आवाजात तिला म्हणाला,

“वेडी नव्हती हो. बापाचं ऐकायची.”