वेताला पडलेला झोळ

पहिल्या गिऱ्हाइकाने कपाटाच्या दारावर अंगठा दाबला, तर वेताची जाळी आत दबली ती तशीच राहिली. त्याने कोटाची बटणं लावली, होडीवरून उतरला आणि कॉफी न घेताच बिओग्रादच्या रस्त्याला लागला.

येर्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. होडीतल्या कपाटांची लाकडी दारं काढून वेताची बसवायची कल्पना तिची आणि वीणही तिच्याच हातची. तिचा बाप गावभर खुर्च्या विणत असे. वेत भिजवून चौकटीत ओलाच बसवायचा, सुकला की तो आपोआप ताणला जातो, हे ती बापाच्या पायाशी बसून शिकली होती. वेताच्या दारातून कपाटात वारा खेळतो, बुरशी धरत नाही. शिवाय त्यांच्या बेटिना गावच्या धक्क्यावर वेताला अंगठा लावल्याशिवाय कुणी होडी घेत नाही. जाळी डफासारखी ताठ असेल तर होडी कोरडी. झोळ पडला असेल तर आत ओल आहे, म्हणजे कुठूनतरी पाणी झिरपतंय. मग मालकाने देवाशपथ सांगितलं तरी कुणी ऐकत नाही.

आणि त्या दिवशी तर उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. दोरीवरचे कपडे बघता बघता वाळले होते. अशा हवेत वेताला झोळ पडावा?

"वेतच हलका निघाला असेल," तिचा नवरा रोको म्हणाला. एवढ्या बोचऱ्या वाऱ्यातही त्याच्या गळ्यात नेहमीचा निळा रुमाल नव्हता. विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाइकासमोर गबाळं दिसायला नको.

होडी विकायचं त्यानं हिवाळ्यात ठरवलं होतं. होडीवरून उतरताना येर्का ओल्या फळीवर घसरली आणि तिचा खुबा मोडला. ती दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी रोकोनं खानावळीत चार माणसांसमोर शब्द दिला. चांगलं गिऱ्हाईक आलं की 'लास्तावित्सा' होडी विकायची आणि येर्काला घेऊन झादारला लेकीकडे राहायला जायचं. येर्का एकदाच म्हणाली, "नको विकूस." तो म्हणाला, "शब्द दिलाय." त्यानंतर त्या घरात पुन्हा विषय निघाला नाही. हट्टात दोघंही एकमेकांना हार जाणारी नव्हती.

पण तेव्हापासून रोकोचं जेवण तुटलं होतं. काही काम नसताना तो सकाळी होडीत जाऊन बसायचा. लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात हा माणूस झुरून मरेल, हे येर्काला स्वच्छ दिसत होतं. आणि त्याचा शब्द मोडायला लावून त्याला चारचौघांत खाली बघायला लावणं तिला जमणार नव्हतं.

बिओग्रादचं गिऱ्हाईक गेलं त्या संध्याकाळी, लाज गिळता गिळता तिच्या डोक्यात आलं, की वेत सैल निघाला म्हणून होडी वाचली. मग निघू दे की सैल.

दुसरं गिऱ्हाईक दातांचा डॉक्टर होता. रोको त्याला आणायला बसथांब्यावर गेला, तशी येर्का कोमट पाण्याची किटली आणि स्पंज घेऊन होडीत उतरली. चुलीजवळच्या कपाटांची दारं उघडून तिने वेताला मागून पाणी पाजलं. पुढच्या बाजूला रोगण होतं, तिथे काही कळत नव्हतं. होडीच्या नाकाकडे, रोकोच्या झोपायच्या फळीवर, आणखी दोन कपाटं होती. पण तिथं रांगत जावं लागे आणि तिच्या खुब्याला ते झेपत नव्हतं.

डॉक्टर हुशार निघाला. चुलीपाशी वाफेनं वेत सैल होणारच, असं म्हणून तो सरळ नाकाकडे रांगत गेला आणि तिथल्या दारांवर अंगठा दाबला. तिथेही झोळ. येर्कानं मनातल्या मनात खलाशांच्या राखणदार संत निकोलाला मेणबत्ती कबूल केली.

तिसऱ्याचंही तेच झालं. रोकोनं त्याला होडीचा तळ उघडून दाखवला. तळ खडखडीत कोरडा होता, पण त्या माणसाचा विश्वास अंगठ्यावर होता. धक्क्यावर थट्टा सुरू झाली. शेजारच्या बोटीवरचा श्पिरो म्हणाला, "येर्काकाकू, दारं विणलीत का मासे धरायचं जाळं?" विणकराच्या लेकीला हे ऐकावं लागलं.

"ही होडी विकली नाही तर नावाचा रोको नाही," रोको सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मग शिबेनिकहून निवृत्त कप्तान विंकोचा फोन आला. होडी त्याला लांबूनच आवडली होती, झोळाची गोष्टही कानावर गेली होती. "एखादं दार सैल असेल तर ती विणणाऱ्याची चूक," त्यानं रोकोला सांगितलं. "सगळीच सैल असतील तर खोट होडीत. मी एकूण एक दार बघणार, आणि एक जरी ताठ निघालं तर होडी माझी."

येर्कानं हे ऐकलं आणि ठरवून टाकलं. दर वेळी संत निकोलावर भार टाकून चालणार नाही. या खेपेला नाकाकडची दारंही आपणच भिजवायची, मग खुब्याचं काय व्हायचं ते होवो.

कप्तान यायचा त्या दिवशी रोको सकाळी होडीत जाऊन आला, उघड्या गळ्यानेच बसथांब्याकडे निघाला. जाताना म्हणाला, "कॉफी चांगली कर. आज जाणार बघ होडी."

तो वळणाआड गेल्यावर ती होडीत उतरली. चुलीजवळची दारं भिजवून घेतली. मग किटली पुढे सरकवत गुडघ्यांवर आली. खुब्यातून कळ गेली, तिने दात आवळले, थांबली, पुन्हा रांगली. झोपायच्या फळीवर एक हात टेकून तिने दुसऱ्या हाताने कपाट उघडलं आणि वेताच्या मागे स्पंज नेला.

स्पंज टेकायच्या आधीच बोटांवर पाणी ओघळलं. वेत मागून ओलाचिंब होता, आणि आतल्या खिळ्याला रोकोचा निळा रुमाल पिळून वाळत घातलेला होता.