दोरीखालची शिकवणी

साडेपाच फुटांचा लॅमाँट अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघात सहा वर्षं चेंडू पोटाशी धरून धिप्पाड गड्यांच्या काखेखालून निसटत आला होता. यंदा कॉलेजातून सव्वासहा फुटी कोल्टन संघात आला. तो ताठ पळायचा आणि पहिल्याच धडकेत आडवा व्हायचा.

"लॅमाँट, पोराला जरा वाकायला शिकव," कोच म्हणाले.

लॅमाँटने आपल्या डोक्याएवढ्या उंचीवर दोरी बांधली आणि तीन आठवडे त्याला तिच्याखालून पळवलं. "अरे जिराफा, मान आत घे! वरची हवा खायला आलायस का?"

शेवटच्या सराव सामन्यात कोल्टन असा वाकून फटीतून सुटला, की थेट गोलरेषेपार. "अगदी लॅमाँट!" सगळे ओरडले. सगळ्यात जोरात टाळ्या लॅमाँटनेच वाजवल्या.

दुसऱ्या सकाळी लॅमाँटला निरोप आला: संघाच्या डावपेचांचा टॅब घेऊन कोचना भेट. टॅब परत मागितला की संघातून नाव कापलं, हे इथे प्रत्येकाला ठाऊक असतं.

"माझं काय चुकलं, कोच?"



"काहीच नाही रे. पण तुझ्यासारखा पळणारा आता आहे आमच्याकडे, आणि तो उंचही आहे."